मृगाच्या आधी करायची कामं: जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातील ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी),
खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील सर्व ग्रामपंचायती;
तसेच युवक मंडळं, महिला संघ आणि होमस्टे चालवणारे गावकरी

सप्रेम नमस्कार.

वळीव येऊन गेला की मृगाला फार दिवस उरत नाहीत. धूळवाफ पेरणी, घरं शाकारणं, सरपण आत घेणं ही सगळी गडबड त्याच दिवसांत असते, हे आम्ही जाणतो. तरीही हे पत्र त्याच दिवसांसाठी लिहीत आहोत. यात मागितलेली बहुतेक कामं पाऊस लागायच्या आधी केली तरच उपयोगाची आहेत. त्यातली काही तर जूनमध्ये केली तर उलट नुकसानच करतात.

भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं. सुमारे १९० चौरस किलोमीटरचं ते जंगल वनखात्याच्या ताब्यात आहे. गवा, बिबटा, अस्वल, शेकरू, धनेश यांची चर्चा होते ती तिथलीच. पण आपल्या भागाची पावसाळ्यातली खरी संपत्ती, म्हणजे बेडूक, त्यांची पिल्लं आणि ओलीतले इतर जीव, बहुतेक हाताच्या बोटापेक्षा लहान आहे, आणि तिचा मोठा भाग अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहतो. रस्त्यालगतचा पाझरणारा कडा, मोरी, गटार, सड्यावरचं (जांभ्याच्या सपाट कातळावरचं) वीतभर खोल डबकं, परसातली पाण्याची टाकी या तिच्या जागा. त्या वनखात्याच्या नकाशावर नाहीत. त्यांचं काय होणार हे पंचायतीच्या एखाद्या गटारीच्या कामावर, जेसीबीवाल्याला दिलेल्या सूचनेवर आणि होमस्टेच्या अंगणातल्या दिव्यावर ठरतं. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहोत, वनखात्याला नाही.

रस्त्याच्या कडेच्या ओल्या कड्यापासून सुरुवात करू, कारण तिथं काय असतं हे फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं. चोर्ला घाटाकडे जाताना डोंगर कापून रस्ता काढलेला आहे, तिथं जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या उभ्या भिंतीवरून जून ते सप्टेंबर पाणी पाझरत असतं. दिवसा ती नुसती शेवाळलेली भिंत दिसते. रात्री टॉर्च समोरून न मारता बाजूनं, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा आणि फूटभरावरून बघा. पाण्याच्या पातळ थरात तांदळाच्या दाण्यापासून इंचभरापर्यंतची तपकिरी पिल्लं चिकटलेली दिसतात. हे इंदिराना जातीच्या बेडकांचे टॅडपोल आहेत. बाकीच्या बहुतेक बेडकांची पिल्लं पाण्यात पोहतात. यांची पिल्लं ओल्या दगडावर राहतात, तिथलं शेवाळ खरवडून खातात. मागचे पाय त्यांना फार लवकर फुटतात, शेपूट लांब असते, आणि हात जवळ नेला की ती पोहून जात नाहीत, दगडावरून टुणकन उडी मारतात. बेडकांच्या या कुळाचं घर जगात फक्त सह्याद्री आहे. त्यांचं पूर्ण बालपण भिंतीवरच्या त्या ओल्या पापुद्र्यात जातं.

आता त्या भिंतीचं आपण काय करतो ते पाहू. कुणी तिच्यावर जाहिरात रंगवतं. ऑइल पेंट लागला की शेवाळ धरत नाही आणि पाणी थर न धरता ओघळून जातं. कुणी रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून ऐन जूनमध्ये जेसीबीच्या बकेटनं भिंत खरवडतं. कुणी दगडी पिचिंग करून सिमेंटनं सांधे बुजवतं आणि पाझर आतून पाइपानं बाहेर काढतं. दरड कोसळण्याचा धोका असेल तिथं पिचिंग करावंच लागेल, त्याला आमचा विरोध नाही. मात्र जिथं भिंत वर्षानुवर्षं घट्ट उभी आहे तिथं ती तशीच सोडावी. खरवडायची असेल तर एप्रिलमध्ये, कोरडी असताना खरवडावी. आणि हद्दीतल्या दगडांवर जाहिरात रंगवायला परवानगी नाही, असा एका ओळीचा ठराव करावा.

या भिंतींच्या पायथ्याला गटार असते, आणि सगळ्यात जास्त जीव तिथं जातात. जुनी मातीची चर उतरती होती, तिच्यातून काहीही चढून बाहेर यायचं. नवी काँक्रीटची गटार दीड-दोन फूट खोल, दोन्ही बाजूंनी उभी आणि गुळगुळीत. झाडावर राहणाऱ्या बेडकांच्या बोटांना चिकट गाद्या असतात, ते चढतात. जमिनीवरचे भेक, खेकडे, कासवं, सापांची पिल्लं आणि देवगांडूळ यांना ते जमत नाही. ती गटारीत पडतात, पाण्याबरोबर वाहत जातात, उघडीप पडली की तळाच्या तापलेल्या सिमेंटवर वाळून मरतात. देवगांडुळाबद्दल थोडं जास्त सांगतो. हा साप नाही आणि गांडूळही नाही. हा बेडकाचा बिनपायांचा नातलग आहे, ओल्या मातीत राहतो, कुणाला काही करत नाही. त्यातली एक जात चोर्ल्याच्या परिसरातूनच २००७ मध्ये शास्त्राला नव्यानं माहीत झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात म्हादई आहे. शेणकीत किंवा दगडाखाली सापडला की सापाचं पिल्लू समजून त्याला ठेचतात. अंगावर गांडुळासारख्या कड्या असतील, खवले नसतील आणि डोळे दिसतही नसतील, तर ते देवगांडूळ.

गटारीवरचा उपाय स्वस्त आहे. नवी गटार करताना जंगलाकडची बाजू उभी न घेता उतरती घ्यावी. एक फूट उंचीला दोन फूट आडवा उतार पुरतो. पृष्ठभाग थापीनं गुळगुळीत न करता खरखरीत सोडावा. जी गटार आधीच झाली आहे तिच्यात दर २० ते २५ मीटरवर दगड आणि मातीमिश्रित खडी टाकून एक चढ करावा, गटारीच्या निम्म्या रुंदीत, म्हणजे पाणी अडत नाही. सुटे दगड पहिल्या लोंढ्यात वाहून जातात, म्हणून खालचा थर सिमेंटमध्ये बसवावा. एका चढाला दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. गटार साफ करायची ती मे महिन्यात, हातानं. जूनच्या मध्यावर गाळ काढला की त्या गाळाबरोबर अंडी आणि पिल्लं निघतात. काढलेला गाळ शेजारच्या डबक्यात लोटायचा नाही, हे कामगारांना आधी सांगावं लागतं, कारण जवळचा खड्डा बुजवणं हीच त्यांना सोय वाटते. गवतावर तणनाशक मारू नये, विळ्यानं कापावं. ग्लायफोसेटच्या अनेक औषधांत पान भिजावं म्हणून साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. तो टॅडपोलच्या कल्ल्यांना ग्लायफोसेटपेक्षाही जास्त बाधतो.

मोरीचं दुखणं वेगळं आहे. सिमेंटचा पाइप ओढ्याच्या तळापेक्षा वर बसवला की पलीकडच्या तोंडाला फूटभराची उडी तयार होते. पाणी पडतं, खाली खळगा खणला जातो, उडी दर वर्षी वाढते. चढणीचे मासे तिथं अडतात, खेकडे अडतात, आणि बेडूक पाइपातून जायचं सोडून रस्त्यावर चढतात. पाइप तळाच्या पातळीला किंवा चार बोटं खाली बसवावा. जुन्या मोरीच्या तोंडाशी मोठे दगड पायऱ्यांसारखे रचून पाण्याला टप्पे द्यावेत. चढणीच्या माशांचा विषय निघालाच आहे, तर ओढा या काठापासून त्या काठापर्यंत अडवून कुणी सापळा लावत असेल तर त्याला निम्मा प्रवाह मोकळा सोडायला सांगावं. ते मासे अंडी घालायला चाललेले असतात. ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी, त्याची थेट तक्रार करावी.

बेळगाव-चोर्ला-पणजी रस्त्यावर पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री काय होतं ते जांबोटीपासून पुढे सगळ्यांना ठाऊक आहे. अंधार पडल्यावर दोन-तीन तास बेडकांची रस्ता ओलांडायची धांदल असते. हेडलाइट अंगावर आला की बेडूक पळत नाही, जागीच बसून राहतो. ताशी ६० च्या वेगानं येणाऱ्याला तो दिसतच नाही. ताशी ३० ला दिसतो आणि गाडी वळवताही येते. सगळ्या रस्त्यावर, चार महिने, हा वेग कुणी पाळणार नाही. पण ओलांडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: ओढा रस्त्याला जिथं भेटतो तो तुकडा, आणि भातखाचर एका बाजूला व रान दुसऱ्या बाजूला असलेला तुकडा. असे शंभर-दोनशे मीटरचे तुकडे निवडून तेवढ्याच ठिकाणी रंबलर (वेग कमी करायला लावणारे उंच पट्टे) आणि फलकाची मागणी रस्ता खात्याकडे ठरावानं करावी. फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत असावा, वर बेडकाचं मोठं चित्र असावं. गोव्याहून येणाऱ्या चालकाला वाचायला वेळ नसतो, चित्र समजतं. वायव्य परिवहनच्या मुक्कामी बसच्या चालकांशी एकदा समक्ष बोलावं. रोज त्याच वाटेनं जाणारा माणूस ऐकतो.

पोरांनी रात्री बेडूक उचलून पलीकडे सोडायचे ठरवले तर चांगलंच आहे, पण काही गोष्टी पाळाव्या लागतात. रिफ्लेक्टरचं जाकीट अंगात हवं, दोन्ही टोकांना एकेक जण लाल दिवा घेऊन उभा हवा. हात फक्त साध्या पाण्यानं ओले करायचे. डास पळवायचं मलम किंवा सॅनिटायझर लावलेल्या हातानं बेडूक धरायचा नाही, कारण तो कातडीतूनही श्वास घेतो आणि हाताला लागलेलं सगळं आत शोषतो. त्याचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच बाजूला सोडायचा. उलट बाजूला सोडला तर तो पुन्हा रस्त्यावर येतो. सापाला हात लावायचा नाही, तो जाईपर्यंत गाडी थांबवायची.

याच रात्रींचा दुसरा विषय थोडा अवघड आहे. भातखाचरात मोठे पिवळेधमक बुलफ्रॉग ओरडायला लागतात, आणि त्यांना पकडून गोव्याकडच्या हॉटेलांसाठी विकलं जातं. पोत्यातून माल कुठून कुठं जातो हे गावाला माहीत असतं. बेडूक धरणं, मारणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. बेडकाच्या तंगड्यांची परदेशात निर्यात तर १९८७ पासूनच बंद आहे. पण गुन्ह्यापेक्षा शेताचा हिशेब अधिक पटेल. हा बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीत दबून असतो आणि पहिल्या जोरदार पावसानंतरच्या मोजक्या रात्रींत अंडी घालून मोकळा होतो. नर तेव्हाच पिवळा होतो, तेव्हाच ओरडतो, म्हणून तेव्हाच सापडतो. एक मादी उथळ पाण्यात हजारो अंडी घालते. ती अंडी घालायच्या आधीच पोत्यात गेली तर त्या खाचरातली सगळी पुढची पिढी गेली. हाच बेडूक किडे, टोळ, छोटे खेकडे, उंदराची पिल्लंसुद्धा गिळतो. बांध पोखरणाऱ्या खेकड्यांवर आपण विषारी औषधं घालतो आणि त्यांना खाणारा फुकटचा राखणदार विकून टाकतो. पंचायतीनं पहिल्या पावसाच्या आठवड्यात रात्री दोन फेऱ्यांची गस्त ठेवली, आणि बाहेरच्या गाड्यांचे नंबर लिहून ठेवले, तरी बराच फरक पडेल.

सड्याकडे वळू. चोर्ल्याच्या बाजूचे जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात, म्हणून तिथं गाडी घालायला कुणाला काही वाटत नाही. दगडावर माती असते बोटभर. तिच्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू यांचं बी पडून असतं. सीतेच्या आसवांना मुळाशी बारीक पिशव्या असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्या आत ओढतात. दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. दगडात जीव नाही, मातीत खत नाही, म्हणून या वनस्पतींनी पोटाची अशी सोय लावून घेतली आहे. या पातळ मातीवरून जीप एकदा फिरली की चाकोरी उमटते. पावसात पाणी त्या चाकोरीतून वाट काढतं, माती धुऊन जाते आणि शेजारचं डबकं चाकोरीतून रिकामं होतं. दहा दिवस पाणी टिकलं असतं तिथं दोन दिवसांत तळ दिसतो, आणि टॅडपोलला पाय फुटायच्या आत पाणी संपतं. यावर उपाय जांभ्याच्या चिऱ्यांचा. सड्याच्या तोंडाशी, गाड्या जिथून वर चढतात तिथं, दोन चिऱ्यांत चार फूट अंतर ठेवून ओळ लावावी. गुरं जातात, माणूस जातो, कार आणि रिक्षा अडते. मोटारसायकल अडत नाही, तिच्यासाठी दुसरी ओळ पहिलीच्या मागे अर्ध्या अंतरानं सरकवून लावावी. गाडीतळ खाली रस्त्यालगत करावा, म्हणजे चिरे हलवायचा मोह कुणाला होत नाही.

होमस्टे चालवणाऱ्यांना वेगळं लिहायला हवं होतं, इतकं सांगण्यासारखं आहे. सगळ्यात आधी दिवे. काजवे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चमकतात, ते जोडीदार शोधण्यासाठी. अंगणात पांढरा एलईडी फ्लड असेल तर त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही आणि त्या झाडावर ते थांबत नाहीत. दिवा पिवळसर घ्यावा, कमी वॅटचा, त्याचं तोंड जमिनीकडे असावं, आणि रात्री नऊनंतर फक्त पायरीवरचा ठेवावा. पाहुण्यांना काजवे दाखवायचेत ना, मग दिवा बंद करणं हाच धंदा आहे.

दुसरं म्हणजे पाण्याच्या टाकीवर लोंबणारा पांढरा फेस. टाकीवर वाकलेल्या फांदीच्या टोकाला, पानं एकत्र चिकटवून, मुठीएवढा फेसाचा गोळा दिसला तर ती घाण नाही, कोळ्याचं जाळंही नाही. मलबारच्या उडत्या हिरव्या बेडकाचं ते घरटं आहे. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. बाहेरचा थर वाळून पिवळट होतो, आतला ओला राहतो. आठवड्याभरात फेस सैल होतो आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात टपकतात. म्हणून घरटं नेहमी पाण्याच्या बरोबर वर असतं. आठवडाभर ते झटकू नये. फांदी कापणं भागच असेल तर पानांसकट कापून जवळच्या साचलेल्या पाण्यावर तेवढ्याच उंचीवर बांधावी. खाली क्लोरिनचं पाणी असेल तर पावसाच्या पाण्यानं भरलेला टब ठेवावा. टाकीत एक खरखरीत बांबू तिरका उभा करून ठेवावा, शेपूट झडलेली पिल्लं त्यावरून वर येतात. चुकून पडलेला सरडा किंवा खारही येते.

ओढ्यात साबण, शाम्पू आणि कपडे धुणं बंद. हा नियम पाहुण्यांना खोली देतानाच सांगावा, ओढ्यावर पोचल्यावर नाही. कॅसलरॉकच्या नावानं ओळखला जाणारा रातबेडूक २००५ मध्ये शास्त्राला माहीत झाला. त्याच्या कुळातले बेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर आणि दगडांवर अंडी घालतात, पिल्लं खाली पाण्यात पडतात. तिथं साबणाचा फेस असला की पिल्लांचे कल्ले काम करत नाहीत. दगड उलटे करणं, काठावरच्या फांद्या मोडून काठ्या करणं यानंही अंडी जातात. जळवा लागल्या तर नखानं बाजूनं ढकलून काढाव्यात. मीठ आणि तंबाखूचं पाणी ओढ्याकाठी शिंपडू नये, आणि जळू जाळूही नये.

सापांबद्दल पाहुणे हमखास विचारतात. घराभोवती मिठाची रेघ किंवा कार्बोलिक अ‍ॅसिड यानं साप थांबत नाही, अ‍ॅसिडनं मुलं आणि कुत्री मात्र भाजतात. उष्टं अन्न आणि धान्य झाकलं की उंदीर कमी होतात, उंदीर कमी झाले की साप कमी येतात. झोपायला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि दुखत नसल्यानं चावलेलं कळतही नाही. ओढ्याकाठच्या वाटेवर फांदी धरून चालायची सवय सोडायला सांगावी, कारण मलबार चापडा कमरेएवढ्या उंचीवर पानांत निवांत बसलेला असतो. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, चापड्यावर चालत नाही. चावा कुणाचाही असो, कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो हात किंवा पाय फळीनं स्थिर करावा आणि १०८ ला फोन लावून किंवा मिळेल त्या गाडीनं खानापूरचा तालुका दवाखाना गाठावा. पंचायतीनं मे महिन्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस शिल्लक आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे समक्ष विचारून यावं.

बारापेडेच्या गुहांबद्दल एकच मागणी आहे: तिथं कुणाला नेऊ नये. तळेवाडीजवळच्या या गुहांतून १९१३ मध्ये रॉटनच्या वटवाघळाचं वर्णन झालं. कान एवढे मोठे की कपाळावर एकमेकांना जोडलेले, आणि शेपूट पडद्याबाहेर मोकळी. कित्येक दशकं हे वटवाघूळ जगात फक्त इथंच आहे असं मानलं जायचं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. तरी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या मोजक्या वटवाघळांत ते आहे. गुहेच्या तोंडाशी शेकोटी केली की धूर आत साठतो. टॉर्च आणि फ्लॅश मारला की सगळी वसाहत दिवसा उडते, अंगाशी धरलेली पिल्लं खाली पडतात, आणि पडलेलं पिल्लू सहसा वाचत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा तसाही गुन्हा आहे. समाजमाध्यमांवर गुहेची जागा नकाशासह टाकणाऱ्याला गावच्याच माणसानं ती काढायला सांगावी.

मग पाहुण्यांना दाखवायचं काय? पर्यटकांना धबधबे बंद झाले की गावाचा हंगाम बुडतो, ही तक्रार खरी आहे. पण धबधब्यावर गाड्यांनी येणारी गर्दी गावात चहासुद्धा पीत नाही, बाटल्या तेवढ्या टाकून जाते. फुटक्या नसलेल्या बाटल्याही घातक आहेत, चिचुंद्र्या आणि सरडे आत शिरतात आणि गुळगुळीत मानेतून बाहेर येऊ शकत नाहीत. याउलट रात्रीची एक तासाची फेरी विका. सहा ते आठ माणसं, बरोबर गावचा एक वाटाड्या, तीनशे-चारशे मीटरची पानंद किंवा बांध, गमबूट सक्तीचे. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावलेला. कशालाही हात लावायचा नाही, आवाज वाजवून बेडूक बोलावायचा नाही. एखाद्या डबक्याशी सगळे दिवे बंद करून दहा मिनिटं बसायचं. आधी नुसता गोंगाट वाटतो. मग एकेक आवाज वेगळा व्हायला लागतो: झुडपातला टिक-टिक करणारा, खाचरातला घोगरा, गवतातला किरकिरा. झुडपातल्या त्या छोट्या बेडकाला टॅडपोलची अवस्थाच नसते, अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो, हे वाटाड्यानं तिथं अंधारातच सांगावं. एका गटाला एकाच वाटेवर रोज नेऊ नये. तीन वाटा ठरवून आळीपाळीनं वापराव्यात, नाहीतर कडेचं गवत तुडवून जातं आणि आठवड्यात बघायला काही उरत नाही. हे काम येणारी पोरं गावात आहेत. त्यांना बेडकांची शास्त्रीय नावं पाठ नसली तरी चालेल, कुठं पाय ठेवायचा हे त्यांना माहीत आहे.

पैशाचं म्हणाल तर गटारीचे चढ, चिऱ्यांची ओळ आणि मोरीचे दगड ही कामं रोजगार हमीच्या आराखड्यात किंवा चालू गटारींच्या एस्टिमेटमध्येच बसवता येतील, मात्र त्यासाठी वॉर्डसभेत मागणी नोंदवावी लागेल. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती कागदावरच असेल तर आता तिची एक बैठक घ्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीत ओल्या भिंती, डबकी, मोऱ्या आणि देवराईतल्या पाणवठ्यांच्या जागा सर्व्हे नंबरसह लिहून घ्या. नोंद असली की उद्या रस्ता रुंदीकरणाच्या नकाशावर बोट ठेवून बोलता येतं. देवराईच्या जीर्णोद्धारात अंगणाला फरशी घालायची असेल तर ती देवळापुरतीच घाला, पाणवठ्याच्या काठाला सिमेंट लावू नका, एवढंही त्या बैठकीत ठरवा.

ठरावाची एक प्रत वनखात्याच्या वलय (रेंज) कार्यालयाला आणि एक रस्ता खात्याला पोच घेऊन द्यावी. नोंदी घेण्यासाठी आम्ही येऊ. वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतरची रात्र त्यासाठी योग्य, संध्याकाळी सातपासून. टॉर्च, जाकिटं आणि मोजपट्टी आम्ही आणू. गावाकडून एक माणूस हवा, ज्यानं त्या रस्त्याच्या मोऱ्या स्वतः साफ केल्या आहेत, कारण पाणी कुठून येतं आणि कुठं तुंबतं हे त्याच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही.

आपले,
बेळगाव-खानापूर परिसरातील निसर्ग अभ्यासक